खुनी आधीच कळला तर…

वाचकाचं पत्र :

नमस्कार. मी नाशिकला राहते. बँकेतून निवृत्त झाल्यावर वाचन पुन्हा सुरू केलं. आमची सात जणींची जुनी भिशी आहे. अलीकडे भिशीच्या दिवशी प्रत्येकीने आपण वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं असं ठरवलंय. माझा ओढा पहिल्यापासून रहस्यकथांकडे. बाबा लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर आणायचे, कॉलेजात मी सुहास शिरवळकरांवर आले. आता इंग्रजीतून वाचते.

हल्ली चार वाचल्या. माझी मतं अशी. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ : लेखिकेने सरळसरळ फसवलं. केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ : खून कोणी केला ते पहिल्याच प्रकरणात कळतं, मग हिला रहस्यकादंबरी का म्हणायचं? सेइचो मात्सुमोतोची ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ : रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटलं. टाना फ्रेंचची ‘इन द वूड्स’ : इतकी जाडजूड कादंबरी वाचून शेवटी सगळं कळतच नाही, पुस्तक फेकावंसं वाटलं. आणि बहुतेक कादंबऱ्यांमध्ये मला निम्म्यातच खुनी ओळखता येतो, म्हणून हल्ली मजाही कमी झालीय.

मागच्या भिशीला अ‍ॅक्रॉइडवर बोलताना रागाच्या भरात मी खुनी कोण ते सांगून टाकलं. एक मैत्रीण तेच पुस्तक निम्मं वाचून आली होती. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. दुसरी म्हणाली, ‘शेवट कळल्यावर ज्यात काही उरत नाही असली पुस्तकं या वयात वाचायचीच कशाला?’ हे मला जास्त लागलं. माझी मतं चुकीची आहेत का? मैत्रिणीला काय सांगू? आणि पुढे काय वाचू?

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात खुन्याचं नाव असलेलं एक वाक्य होतं, ते वर छापलेलं नाही. चारही पुस्तकांचे शेवट मी इथे सांगणार नाही, त्यामुळे काही ठिकाणी जरा आडून बोलावं लागेल. तुम्ही ती वाचलेली आहेत, तुम्हाला कळेल.

आधी मैत्रिणीचं बघू. त्या फोन उचलत नसतील तर घरी जा. ‘अगं, पुस्तकच तर आहे’ असं चुकूनही म्हणू नका. रहस्यकादंबरी निम्म्यावर आलेली बाई नुसती वाचत नसते. कोण कुठल्या खोलीत होतं, कोणाच्या बोलण्यात विसंगती आली, कोणावर आपला उगाच डोळा आहे, हे सगळं ती स्वयंपाक करताना, झोपताना मनात घोळवत असते. तो तिचा चालू हिशेब तुम्ही तिच्या हातून ओढून घेतलात. ‘तुझं पुस्तक मी बिघडवलं, चुकलं माझं’ एवढंच म्हणा आणि चहा घेऊन या. ‘तरीसुद्धा वाच, खूप छान आहे’ हा आग्रह त्या दिवशी नको. काही दिवसांनी त्यांना स्वतःला वाटलं तर त्या वाचतील. भरपाई म्हणून काय करता येईल ते शेवटी सांगते.

आता दुसऱ्या मैत्रिणीचं वाक्य. ते तुम्हाला एवढं का लागलं असावं याचा मी विचार केला. मला वाटतं, तुम्ही स्वतःही पुस्तकं त्याच मापाने मोजताय. तुमची चार मतं पुन्हा वाचून बघा. एकात शेवटाने फसवलं, दुसऱ्यात शेवट आधीच सांगितला, चौथ्यात शेवट पुरता दिलाच नाही. तिसऱ्यात शेवटापर्यंतची वाट कंटाळवाणी होती. चारही निकाल खुनी कधी आणि कसा कळला यावर दिलेत. मग मैत्रीण जे म्हणाली त्यात वेगळं काय?

माझं मत याच्या उलट आहे आणि ते मी मनापासून सांगते. रहस्यकादंबरीचा खरा कस खुनी कळल्यानंतर लागतो. पुस्तक संपलं की ते लगेच कपाटात ठेवू नका. पुन्हा पहिल्या पानापासून चाळीस-पन्नास पानं वाचा, हातात पेन्सिल घेऊन. लेखकाने कुठे काय सांगितलं होतं, आपण ते का ओलांडून गेलो, कुठे त्याने खोटं बोलून वेळ मारून नेली, हे या दुसऱ्या वाचनात दिसतं. कच्ची कादंबरी इथे उसवते. पक्की असेल तर पहिल्या वाचनात सपाट वाटलेली वाक्यं आता दोन-दोन अर्थांनी बोलू लागतात. या कसोटीवर तुमची चारही पुस्तकं लावून बघू.

‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ साली आली तेव्हा तुमच्याइतकेच चिडलेले वाचक इंग्लंडात होते. हा खेळ नियमाला धरून झाला की नाही यावर तिथे बरंच भांडण झालं. डोरोथी सेयर्सने, जी स्वतः या प्रकारातली मोठी लेखिका, ख्रिस्तीची बाजू घेतली. तो काळच असा होता की इंग्लंडात रहस्यकादंबरी हा लेखक आणि वाचक यांच्यातला डाव मानला जायचा. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहायचा, लेखकांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे. भुतंखेतं, दैवी शक्ती चालणार नाहीत. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. अजून शोध न लागलेलं विष वापरायचं नाही. हेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवायचा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यलेखकांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, लेखक चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा हेर ईश्वरी साक्षात्कार, बायकांची अंतःप्रेरणा किंवा योगायोग यांच्या आधारावर गुन्हा उकलणार नाही. (अंतःप्रेरणा बायकांच्याच माथी का मारली, हा माझा त्या मंडळींशी जुना वाद आहे.) सच्चेपणाबद्दल इतक्या काटेकोर असलेल्या या क्लबात ख्रिस्ती होती, आणि पुढे बरीच वर्षं ती त्याची अध्यक्षही होती. तिने खरोखर लबाडी केली असती तर या लोकांनी तिला त्या खुर्चीवर बसवलं नसतं.

तरी त्यांचं प्रमाण मानू नका, स्वतः तपासा. अ‍ॅक्रॉइडची पहिली चार-पाच प्रकरणं पुन्हा वाचा आणि एक खोटं वाक्य शोधून दाखवा. मी शोधलं, मला सापडलं नाही. पहिल्या वाचनात आपण काही गोष्टी गृहीत धरतो, त्या गृहीत धरायला लेखिका आपल्याला मोकळं सोडते, आणि प्रत्येक वाक्य मात्र खरंच ठेवते. याला फसवणूक म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती तुमच्या डोळ्यांदेखत झालेली आहे. आता तुमच्या मैत्रिणीचाही विचार करा. खुनी ठाऊक असताना हे पुस्तक वाचणं ही वेगळीच मेजवानी आहे, कारण प्रत्येक पानावर ख्रिस्ती काय करतेय ते तिला थेट दिसणार आहे. पहिल्यांदा वाचण्याचा थरार तिच्या वाट्याला आला नाही हे नुकसान आहेच. पुस्तक मात्र संपलेलं नाही.

‘सस्पेक्ट एक्स’वर मला जास्त बोलायचंय, कारण तुमचा तिच्यावर अन्याय झालाय असं मला वाटतं.

तोक्योत यासुको नावाची घटस्फोटित बाई आपल्या शाळकरी मुलीबरोबर राहते, जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. पैसे उकळायला आणि छळायला पूर्वीचा नवरा घरी येतो, झटापट होते, आई आणि मुलगी मिळून त्याचा जीव घेतात. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी भिंतीपलीकडून ऐकतो, दार वाजवतो आणि पुढचं सगळं स्वतःवर घेतो. पोलिसांच्या बाजूने त्याच्यासमोर उभा राहतो त्याचा कॉलेजातला जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा. इतकं सगळं पहिल्या काही प्रकरणांत कळतं, आणि तुम्ही म्हणता, मग उरलं काय?

तुमचा हा प्रश्न खुद्द जपानमध्ये जोरात विचारला गेला होता. ही कादंबरी २००५ साली पुस्तकरूपाने आली, तिला लोकप्रिय साहित्यासाठीचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं. तिथे धाग्यादोऱ्यांवरून वाचकाला उकलता येईल अशा अस्सल कोडेबाज कादंबरीला ‘होनकाकू’ म्हणतात. रेइतो निकाइदो या रहस्यलेखकाने जाहीरपणे म्हटलं की ही होनकाकू नव्हेच. त्यावर लेखक-समीक्षकांमध्ये मोठा वाद झाला. शेवटी होनकाकू लेखकांच्या संस्थेने त्या वर्षीचं आपलं पारितोषिक तिलाच दिलं. तेव्हा भिशीत तुम्ही हे मत मांडलंत त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, चांगल्या मंडळींनी तो मुद्दा लढवलाय. मी मात्र पारितोषिक देणाऱ्यांच्या बाजूची आहे.

गुन्हेगार आधी दाखवून मग तपास दाखवायचा, ही रीत काही नवी नाही. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ मध्ये ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात अशा कथा लिहिल्या : आधी गुन्हा घडताना बघायचा, मग त्याचा हेर डॉक्टर थॉर्नडाइक सूक्ष्मदर्शकाखाली काय शोधतो ते. डिटेक्शन क्लब ज्याच्या पुढाकाराने उभा राहिला तो अँथनी बर्कली तर दोन्ही टोकांना जाऊन आला. १९२९ मध्ये त्याने एकाच खुनाची एकामागून एक सहा जण सहा उत्तरं देतात अशी कादंबरी लिहिली, आणि १९३१ मध्ये फ्रान्सिस आइल्स या नावाने दुसरी, ‘मॅलिस अफोरथॉट’, जिच्या पहिल्याच वाक्यात डॉक्टरने बायकोला मारायचं ठरवल्याचं सांगून टाकलंय. ‘कोण’ या प्रश्नावर सहा-सहा उत्तरं रचू शकणाऱ्या माणसाला दोन वर्षांत तो प्रश्नच टाकून द्यावासा वाटला, हे मला फार बोलकं वाटतं. कोणी केलं, कसं केलं, का केलं, आता पुढे काय होणार : यातला एक प्रश्न लेखक उघड करतो तेव्हा उरलेल्यांपैकी कुठला तरी तो जपून ठेवत असतो. वाचकाने ते ओळखायचं.

हिगाशिनोने ‘कोण’चं उत्तर देऊन तुम्हाला निश्चिंत केलं. निश्चिंत झालेला वाचक पुढचे प्रश्न विचारत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. दुसऱ्यांदा वाचताना एक जागा आवर्जून बघा. इशिगामी शाळेत मुलांसाठी प्रश्नपत्रिका कशी काढतो ते पोलिसाला सांगतो : दिसायला भूमितीचा प्रश्न, असतो मात्र बीजगणिताचा. पहिल्या वाचनात हे शिक्षकाचं कौतुक म्हणून निघून जातं. आता शेवट ठाऊक असताना ते वाचा, आणि हे पुस्तक रहस्यकादंबरी आहे की नाही ते मला पुन्हा लिहा. लेखकाने उत्तर तुमच्या हातात ठेवलं होतं, तेही परीक्षेचं नाव घेऊन.

आणखी एक. यासुकोकडे पुन्हा बघा. नवऱ्यापासून सुटका झाल्यावरही घर बदलत, नोकरी बदलत राहिलेली ती बाई आहे. शेजाऱ्याने वाचवलं खरं, पण त्यानंतर प्रत्येक टेलिफोनला तिच्या पोटात गोळा येतो, कारण आता दुसरा एक पुरुष तिने काय बोलायचं, कधी बोलायचं ते ठरवतोय. बँकेत तुम्ही इतकी वर्षं काढलीत. नवऱ्याला कळू न देता थोडे थोडे पैसे साठवणाऱ्या बायका तुम्ही काउंटरवरून पाहिल्या असतील. ही कादंबरी तुम्ही त्या नजरेने वाचली नाहीत. आता वाचा.

मात्सुमोतोबद्दल तुमची तक्रार मला अर्धी पटते. वेळापत्रकांची पानं जड जातात, ती भरभर चाळली तरी चालेल. ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ १९५७-५८ मध्ये जपानमधल्या एका पर्यटन मासिकात क्रमशः आली होती. प्रवासाची आवड असलेल्या वाचकांसाठी गाड्या, फलाट, जोडगाड्या हाच त्यातला रस होता. तोक्यो स्टेशनवर एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर उभी असलेली गाडी दिसते, कारण मधल्या रुळांवर तेवढीच चार मिनिटं दुसरी गाडी नसते. त्या चार मिनिटांवर सगळी इमारत उभी केलीय. दादरच्या पुलावर उभं राहून कुठली फास्ट कधी सुटते ते पाठ असलेल्या माणसाला यातली गंमत चटकन कळेल.

पण तुम्ही वेळापत्रकाला वैतागून एक अप्रतिम गोष्ट निसटू दिलीत. जपानच्या क्यूशू बेटावरच्या काशिईच्या किनाऱ्यावर एक पुरुष आणि एक बाई मेलेली सापडतात. सायनाइड घेतलेलं असतं, प्रेमी युगुलाची आत्महत्या म्हणून पोलीस प्रकरण मिटवायला निघतात. तोरिगाई नावाचा वयस्कर, साधा स्थानिक पोलीस अडतो तो एका कागदावर : मेलेल्या माणसाच्या खिशात गाडीतल्या डायनिंग कारची पावती असते आणि ती एकाच माणसाची असते. दोघं बरोबर मरायला निघालेली, मग तो एकटा का जेवला? तो घरी येऊन आपल्या मुलीला विचारतो : भूक नसली तरी तू जोडीदाराबरोबर गेली असतीस ना, निदान कॉफी प्यायला? सगळा तपास या घरगुती प्रश्नातून सुरू होतो. कोण कुणाबरोबर जेवायला बसतं यावरून नातं ओळखणारा हा म्हातारा पोलीस मला कितीतरी चतुर हेरांपेक्षा जवळचा वाटतो. शिवाय यात गुन्ह्याचं मूळ एका मंत्रालयातल्या भ्रष्टाचारात आहे. वरचे साहेब, मधले दलाल आणि सोयीने मेलेला खालचा अधिकारी, ही रचना आपल्याला परकी वाटू नये. मात्सुमोतोमुळे जपानी रहस्यकादंबरी बंद हवेलीतून कचेरीत आणि रेल्वेच्या डब्यात आली.

‘इन द वूड्स’वरचा तुमचा राग मी समजू शकते. डब्लिनचा पोलीस अधिकारी रॉब रायन, लहानपणी त्याचे दोन मित्र रानात नाहीसे झालेले, आणि आता त्याच गावाजवळ एका लहान मुलीचा खून. आजचा खून आणि जुनं प्रकरण अशा दोन गाठी समोर ठेवल्या की दोन्ही सुटाव्यात ही अपेक्षा रास्तच. पण लेखिकेने फसवलं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीलाच रायन सांगून टाकतो की त्याला सत्याची ओढ आहे आणि तो खोटं बोलतो. ज्याने स्वतःच्या बालपणातली आठवण गमावली त्याच्या तोंडून ही कथा आहे, आणि त्या गमावण्याने त्याचं काय झालं हा तिचा विषय आहे. त्यात ती उत्तम उतरली आहे. तरी मधला शंभरेक पानांचा भाग मला सैल वाटला, हेही नोंदवते. ही कादंबरी कुणाला सुचवताना ‘सगळ्याची उत्तरं मिळतील अशी आशा ठेवू नकोस’ एवढं आधी सांगावं. काहींना वाटेल की असं सांगणं म्हणजे शेवट फोडणं. मला ते पटत नाही. कुठल्या जातीचं पुस्तक आहे हे सांगण्याने वाचकाची निराशा टळते, खुनी सांगण्याने त्याचं काम हिरावलं जातं. या दोन्हीत मोठा फरक आहे.

आता तुम्ही निम्म्यातच खुनी ओळखता त्याबद्दल. एक विचारते, रागावू नका : ओळखता म्हणजे कसं? ‘इतका सज्जन आहे म्हणजे हाच असणार’, ‘याच्यावर कुणाचाच संशय नाही म्हणजे याचंच काम’, असं असेल तर तुम्ही गुन्हा उकलला नाहीत, लेखकांच्या सवयी ओळखल्यात. शेकडो कादंबऱ्या वाचल्यावर ते सगळ्यांनाच जमतं आणि त्यानेच मजा जाते. पुढच्या वेळी नाव मनात आलं की तिथेच थांबा आणि पुस्तकातल्या तीन जागा कागदावर लिहा, ज्या त्या माणसाकडे बोट दाखवतात. तीन जागा मिळाल्या नाहीत तर तुम्हाला अजून काही ठाऊक नाही असं समजून पुढे वाचा. नाव बरोबर निघालं तरी कारण चुकलेलं असतं असं कितीदा तरी होतं, आणि ते कळण्यात पुन्हा रस येतो. जपानी नावांचा गोंधळ होत असेल तर त्याच कागदावर वर नावं आणि नाती टिपून तो पुस्तकातच खूण म्हणून ठेवा.

अर्नाळकर आणि शिरवळकर यांची नावं तुम्ही पत्रात जरा बिचकत घेतल्यासारखी वाटली. बिचकू नका. चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाच्या माणसाने बाबूराव अर्नाळकर होऊन हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि एका पिढीला वाचनाची गोडी लावली. झुंजार, काळा पहाड, धनंजय यांच्या गोष्टींत खुनी कोण यापेक्षा नायक या पेचातून कसा सुटतो याचीच धडधड असायची. तिथे तुम्ही कधी ‘हे आधीच कळलं’ म्हणून पुस्तक टाकलं नाहीत, कारण झुंजार सुटणार हे पहिल्या पानापासून ठाऊकच होतं. शिरवळकरांचे दारा बुलंद किंवा अमर विश्वास वाचतानाही तेच. उत्तर ठाऊक असूनही वाचत राहण्याची सवय तुम्हाला आहेच, ती इंग्रजी पुस्तकांकडे वळताना कुठेतरी मागे राहिली.

पुढे काय वाचावं? ‘कोण’वर अडून राहायची सवय सुटावी म्हणून हिगाशिनोचीच ‘मॅलिस’ घ्या. एका लेखकाचा खून होतो, कोणी केला ते लवकरच कळतं, कबुलीही मिळते, आणि तिथून पुढे ‘का’ हा एकच प्रश्न पुस्तकभर पाठ सोडत नाही. कागा हा तपास अधिकारी दिलेलं कारण मानायला तयार नाही. कोणाच्या लिहिण्यावर किती विश्वास ठेवायचा हे शिकवणारी याच्याइतकी कादंबरी मला दुसरी आठवत नाही. मध्ये हलकं काही हवं असेल तर बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांचा हेर ब्योमकेश आहेच. १९३२ पासूनच्या त्या कथा एका बैठकीत संपतात, आणि जुन्या कलकत्त्यातल्या मेसमध्ये, जुन्या वाड्यांमध्ये आपलं मन सहज रमतं.

आणि भिशीसाठी, तुमच्या नाराज मैत्रिणीसाठीही, अगाथा ख्रिस्तीची ‘फाइव्ह लिटल पिग्ज’. १९४२ सालची. सोळा वर्षांपूर्वी एका चित्रकाराचा विषाने मृत्यू झाला, त्याच्या बायकोला शिक्षा झाली आणि ती तुरुंगात वारली. आता मोठी झालेली मुलगी ख्रिस्तीचा हेर पोइरो याच्याकडे येते : माझ्या आईने खरंच मारलं का? पोइरोकडे ना प्रेत, ना बोटांचे ठसे. त्या दिवशी तिथे असलेल्या पाच माणसांना तो भेटतो आणि प्रत्येकाकडून त्या दिवसाची हकिगत लिहून घेतो. विष कुठलं, कुठून आलं, त्याची चव कशी लागते हे सगळं उघडपणे सांगितलेलं आहे. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं देण्याचं काम केलं होतं, विषाच्या बाबतीत ती अंदाजाने लिहीत नाही.

या कादंबरीचे तीन भाग आहेत. दुसऱ्या भागात त्या पाच जणांच्या लेखी हकिगती येतात. तुम्ही सात जणी आहात. पाच जणींनी एकेका साक्षीदाराची हकिगत वाटून घ्यायची, एकीने पोइरो व्हायचं, एकीने त्या मुलीची जागा घ्यायची. पोइरोची जागा नाराज मैत्रिणीला द्या. सगळ्यांनी दुसरा भाग संपेपर्यंतच वाचून यायचं, तिसरा भाग कोणीही उघडायचा नाही, तुम्ही तर नाहीच. प्रत्येकीने आपल्या साक्षीदाराच्या बाजूने बोलायचं, पोइरोने प्रश्न विचारायचे. मग भिशीच्या चिठ्ठ्यांचा डबा घ्या. त्यात प्रत्येकीने संशयिताचं नाव आणि त्याखाली पुस्तकातली तीन कारणं लिहून चिठ्ठी टाकायची. डबा पुढच्या भिशीपर्यंत त्या मैत्रिणीच्या घरी राहील. तोवर सगळ्यांनी तिसरा भाग संपवायचा. चिठ्ठ्या उघडताना नाव बरोबर आलेल्यांना काही नाही, कारणं बरोबर आलेलीला त्या दिवशीचं पहिलं ताट. ज्या मैत्रिणीने ‘शेवट कळल्यावर काय उरतं’ असं विचारलं होतं, तिला गव्हर्नेस मिस विल्यम्सची हकिगत द्या. ती बाई तिला आवडेल.